क्रिस्तियानियाची बोहेम मंडळी नेमकी कोण होती?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याची 'किंकाळी' पाहून त्याच्याविषयी वाचायला घेतलं की लगेच 'क्रिस्तियानिया बोहेम' हे नाव समोर येतं. (बोहेम म्हणजे समाजाचे नियम झुगारून जगणारे कलावंत-लेखक.) सोबत कॅफे, दारू आणि प्रेमाचे त्रिकोण-चौकोन येतात. ही मंडळी कोण होती? त्यांनी खरंच काही केलं, की मुंकच्या चरित्रातलं ते एक रंगेल प्रकरण आहे? आणि मुंक त्यांच्यातला होता का?

मी गेली चोवीस वर्षं चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना एकोणिसाव्या शतकातली युरोपीय कला शिकवते आणि स्वतः मुद्राचित्रं करते. हा प्रश्न दर वर्षी वर्गात येतो, आणि बहुतेक वेळा याच सुरात येतो. म्हणून आधी माझं मत सांगते. दारू होती, प्रेमप्रकरणं होती, त्यातून माणसं मोडली, हे सगळं खरं आहे. पण या मंडळींना एकत्र बांधणारी गोष्ट ती नव्हती. स्वतःचं आयुष्य, लाज वाटेल त्या भागासकट, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करायचं आणि त्या साक्षीच्या जोरावर समाजावर खटला चालवायचा, असा त्यांचा आग्रह होता. हे लक्षात ठेवलं तर त्यांची पुस्तकं, चित्रं आणि त्यांनी एकमेकांना दिलेल्या जखमा एकाच धाग्यात दिसतात.

शहरापासून सुरुवात करू. क्रिस्तियानिया म्हणजे आजचं ओस्लो. ओस्लो हे जुनं नाव 1925 मध्ये परत आलं. 1880 च्या दशकात ते झपाट्याने वाढत होतं आणि 1890 पर्यंत लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास गेली. तरी पॅरिस किंवा बर्लिनपुढे ते गावच होतं. राजवाड्याकडे जाणाऱ्या कार्ल योहान या रस्त्यावर दुपारी फेरफटका मारला की ज्याला टाळायचं तो हमखास भेटायचा. नॉर्वे तेव्हा स्वीडनच्या राजाखाली होता. स्वतंत्र व्हायला 1905 उजाडलं. शहरावर वजन होतं ते सरकारी अधिकारी, न्यायाधीश, पाद्री आणि वकील यांच्या घराण्यांचं. बोहेम मंडळी बाहेरून आलेली कंगाल माणसं होती असं समजू नका. बरीचशी याच घराण्यांतली मुलं-मुली होती. चित्रकार आणि लेखक क्रिस्तियान क्रोग कायद्याचा पदवीधर, त्याचे आजोबा मंत्री. चित्रकार ओडा लासनचे वडील सरकारी वकील. मुंकचे वडील लष्करी डॉक्टर, काका देशातले नामांकित इतिहासकार. कादंबरीकार आर्ने गारबोर्ग मात्र शेतकऱ्याचा मुलगा, पण तोही सरकारी लेखापरीक्षक झालेला. आणि ज्याच्याभोवती हे सगळं फिरत होतं तो लेखक हान्स येगर संसदेत लघुलेखक होता. दुसऱ्यांची भाषणं शब्दन् शब्द टिपायची, ही त्याची नोकरी. त्याच माणसाने पुढे सगळ्यांना सांगितलं की स्वतःचं आयुष्य लिहा. मला हा योगायोग वाटत नाही. नोंद म्हणजे काय, नोंदीतून काय गाळलं जातं, हे तो रोज हाताने करत होता.

येगरचा जन्म 1854 चा, द्रामेनचा. कोवळ्या वयात तो जहाजावर गेला, परत येऊन शिकला, तत्त्वज्ञानात रमला, कांटवर लिहिलं. 1880 च्या दशकाच्या सुरुवातीला क्रिस्तियानियातल्या कामगारांच्या संघटनेत वेश्याव्यवसायावर चर्चा रंगली होती. तिथे त्याने उभं राहून सांगितलं की दोष वेश्येत नाही, विवाहसंस्थेत आहे. पुरुषाने कमावता होईपर्यंत, म्हणजे तिशीपर्यंत थांबायचं, तोवर चोरून पैसे देऊन स्त्री मिळवायची. आणि 'चांगल्या घरच्या' मुलीने तोवर आपल्याला शरीरच नाही असं वागायचं. ही रचनाच रोगट आहे, म्हणून तिच्या जागी स्त्री आणि पुरुष दोघांनाही मोकळं प्रेम हवं, असं त्याचं म्हणणं. 1880 च्या आसपासच्या सभागृहात हे ऐकणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करा.

डिसेंबर 1885 मध्ये त्याची 'फ्रा क्रिस्तियानिया-बोहेमेन' ही कादंबरी दोन भागांत आली. नावाचा अर्थ 'क्रिस्तियानियाच्या बोहेम जगातून'. छापून बाहेर पडली आणि काही तासांतच पोलिसांनी ती जप्त केली. मागच्या वर्षीच येगरच्या एका जवळच्या मित्राने आत्महत्या केली होती. कादंबरीतला यार्मान त्याच्यावरून घेतलेला आहे. कथानक म्हणावं असं फार नाही. खोल्या, रस्ते, कॅफे, न संपणारी बोलणी, वेश्यागृहातल्या रात्री, आणि ज्याचं कुठेच काही जुळत नाही असा एक हुशार तरुण. येगरला कादंबरी म्हणून ती उत्तम करायची नव्हती. परिस्थिती माणूस घडवते यावर त्याचा पक्का विश्वास होता. मग माणूस मोडला तर दोष परिस्थितीचा. आणि ते सिद्ध करायचं तर मोडलेल्या माणसाने काहीही न लपवता सांगायला हवं. धर्म, नीती आणि कायद्यातली जुनी न्यायकल्पना हे त्याला पाडायचे तीन राक्षस होते.

सर्वोच्च न्यायालयात साठ दिवसांची कैद आणि दंड कायम झाला. संसदेतली नोकरी गेली. त्यावर त्याने उरलेल्या प्रती नवं, साळसूद वेष्टन चढवून 'नाताळच्या गोष्टी' म्हणून स्वीडनला विक्रीसाठी पाठवल्या. त्याबद्दल दुसरी शिक्षा झाली. तो पॅरिसला निघून गेला आणि 1888 मध्ये परत येऊन ती भोगली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण ती बहुतेक ठिकाणी निसटते. हे पुस्तक जुन्या, कर्मठ राजवटीने जप्त केलं नाही. 1884 मध्ये योहान स्वेरद्रुप यांच्या उदारमतवादी पक्षाने राजाच्या मंत्र्यांना नमवून संसदेला जबाबदार असलेलं पहिलं सरकार आणलं होतं. येगर आणि क्रोगच्या पिढीने त्या विजयाचा जल्लोष केला होता. 1814 च्या नॉर्वेच्या राज्यघटनेत मुद्रणस्वातंत्र्याचं कलम आहे. आणि याच सरकारने दीड वर्षात पुस्तक उचललं. बोहेम मंडळींच्या लिखाणात जो कडवटपणा आहे तो शत्रूने मारल्याचा नाही, आपल्या माणसाने मारल्याचा आहे.

आता ते प्रसिद्ध नऊ 'आदेश'. क्रोग आणि येगर 1886 पासून 'इम्प्रेशनिस्टेन' नावाचं नियतकालिक काढत. अंक मोजकेच निघाले. 1889 च्या एका अंकात बायबलमधल्या दहा आज्ञांच्या धर्तीवर बोहेमचे नऊ आदेश छापले गेले. पहिला: आपलं आयुष्य लिही. मग घराण्याची मुळं तोड, आईवडिलांशी कितीही वाईट वाग, ते थोडंच आहे. शेजाऱ्याकडून पैसे उकळायचे तर पाच क्रोनरपेक्षा कमी उकळू नकोस. गावंढळांचा तिरस्कार कर, आणि त्या गावंढळांत राष्ट्रकवी ब्यर्नसन यांचं नाव. सेल्युलॉइडचे कफ घालू नकोस. क्रिस्तियानियाच्या नाट्यगृहात गोंधळ घालायची संधी सोडू नकोस. कधी पश्चात्ताप करू नकोस. आणि नववा, स्वतःचा जीव घे.

बहुतेक लेख हे आदेश छापून थांबतात, जणू हाच या मंडळींचा जाहीरनामा. मी विद्यार्थ्यांना सांगते की यातले मधले बरेचसे कॅफेतल्या टेबलावरच्या टवाळीतून आलेले आहेत. नवव्या आदेशामागे एका मित्राचा खराखुरा मृत्यू आहे आणि त्यावर हसणाऱ्यांच्या हसण्यात दुःख आहे. येगरने स्वतः तो पाळला नाही, कोणी पाळावा असं त्या मृत्यूत काहीही नव्हतं. मात्र पहिला आदेश त्यांनी अक्षरशः पाळला. येगर, क्रोग, गारबोर्ग यांनी लिहिलं, ओडाने रंगवलं, मुंकने दोन्ही केलं.

ब्यर्नसन यांचं नाव आलं म्हणून एक गोष्ट सांगते, ती मराठी वाचकाला परकी नाही. 1933 मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने श्री. वि. वर्तक यांचं 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलं. ज्योत्स्ना भोळे यांची त्यात भूमिका होती आणि मराठी रंगभूमीच्या इतिहासात त्या नाटकाला मोठं स्थान आहे. ते नाटक ब्यर्नसन यांच्या 1883 च्या 'एन हान्स्के', म्हणजे 'हातमोजा', या नाटकावर आधारलेलं आहे. मूळ नाटकात स्वावा नावाच्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याचं पूर्वायुष्य कळतं आणि ती हातमोजा त्याच्या तोंडावर फेकते. ती विचारते ते इतकंच: लग्नाआधीचं जे पावित्र्य माझ्याकडून मागता ते पुरुषाकडून का नाही?

हा प्रश्न आणि येगरचा प्रश्न एकच आहे. दुटप्पी नीती दोघांनाही नको होती. ब्यर्नसन म्हणाले, मग पुरुषानेही स्त्रीइतकंच संयमी राहावं. येगर म्हणाला, मग स्त्रीनेही पुरुषाइतकंच मोकळं व्हावं. सगळं दशकभर स्कँडिनेव्हियातली वर्तमानपत्रं, व्याख्यानं, कादंबऱ्या या एका वादाने पेटलेल्या होत्या. ब्यर्नसन 1887 मध्ये एकपत्नीत्वाच्या बाजूने गावोगाव व्याख्यानं देत फिरले. 'आंधळ्यांची शाळा' पाहिलेल्या किंवा वाचलेल्या माणसाला या भांडणाची एक बाजू आधीच ठाऊक आहे. बोहेम मंडळी ही दुसरी बाजू. आणि एक तिसरी बाजूही होती, ती फार कमी सांगितली जाते. 1884 मध्ये नॉर्वेत स्त्रियांच्या हक्कांसाठी संघटना उभी राहिली आणि त्यातल्या अनेकींना येगरची मुक्ती पुरुषांच्या सोयीची वाटत होती. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. त्याकडे मी पुढे येते.

त्याआधी क्रोग. मला विचाराल तर या सगळ्या मंडळींत समाजासाठी प्रत्यक्ष काही घडवून आणणारा माणूस तो. डिसेंबर 1886 मध्ये, येगरच्या कादंबरीनंतर बरोबर एका वर्षाने, त्याची 'अल्बर्टीन' आली आणि तीही दुसऱ्याच दिवशी जप्त झाली. अल्बर्टीन ही शिवणकाम करून पोट भरणारी गरीब मुलगी. एक पोलीस अधिकारी तिला गुंगीत आणून तिच्यावर बलात्कार करतो. पुढे तिला पोलीस डॉक्टरकडे तपासणीला हजर व्हायचा हुकूम येतो, आणि त्या तपासणीनंतर तिच्याकडे परतीची वाट उरत नाही. पुस्तकातली आग त्या तपासणीच्या खोलीबद्दल आहे. कायद्याने वेश्याव्यवसाय गुन्हा होता. तरी शहरात पोलीसच तो नोंदवून घेत, बायकांना ठराविक दिवशी रांगेत उभं करून डॉक्टरकडून तपासून घेत. गुन्हाही तोच आणि परवानाही तोच, दोन्ही एकाच खात्याच्या हातात. पुरुष ग्राहकाची तपासणी अर्थातच नाही.

जप्तीनंतर हजारो लोक रस्त्यावर उतरले आणि निषेध घेऊन पंतप्रधान स्वेरद्रुप यांच्याकडे गेले. त्यात कामगार मोठ्या संख्येने होते. क्रोगला शंभर क्रोनर दंड झाला. पण पुढच्या एक-दोन वर्षांतच क्रिस्तियानियातली पोलिसांच्या देखरेखीखालची ती वेश्यागृहांची पद्धत बंद झाली. एका कादंबरीने हे केलं असं मी म्हणणार नाही, चळवळ आधीपासून चालू होती. पण ज्या खोलीबद्दल सभ्य घरात बोलत नसत तिचं दार या पुस्तकाने उघडलं.

आणि मग चित्र. 'पोलीस डॉक्टरच्या प्रतीक्षागृहात अल्बर्टीन' हे क्रोगने 1885 ते 1887 या काळात रंगवलं. रुंदी सव्वातीन मीटरहून जास्त, उंची दोन मीटरहून अधिक. आज ते ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मी पहिल्यांदा समोर उभी राहिले तेव्हा अल्बर्टीन मला सापडली नाही. डोळा आधी जातो तो भडक टोप्या, फिती, रेशीम घातलेल्या, बाकावर बसलेल्या, कंटाळलेल्या, एकमेकींशी बोलणाऱ्या बायकांवर. त्या इतक्या मोठ्या आणि इतक्या जवळ आहेत की आपणच त्या खोलीत उभे आहोत असं वाटतं. मग नजर दाराकडे सरकते. तिथे पोलीस उभा आहे, आणि त्याच्यासमोर डोक्याला साधा रुमाल बांधलेली एक मुलगी. चेहरा नीट दिसतही नाही. ती आत पाऊल टाकणार आहे.

चित्रकाराच्या नजरेने पाहा: इतक्या मोठ्या कॅनव्हासची नायिका त्याने कोपऱ्यात, मागे, आणि आपल्याला पाठमोरी ठेवली आहे. तेव्हाच्या सलॉनच्या, म्हणजे मोठ्या अधिकृत प्रदर्शनांच्या, सवयीप्रमाणे ती मध्यभागी, प्रकाशात, अश्रूंसकट आली असती. क्रोगने मधली जागा इतर बायकांना दिली, म्हणजे अल्बर्टीन काही महिन्यांनी जे होणार आहे ते सगळं आपल्याला आधीच समोर दिसतं. दार आणि बाक यांच्यामधल्या चार पावलांत कादंबरी आहे. हा आकार त्या काळी इतिहासचित्रांसाठी, राजे आणि लढायांसाठी राखून ठेवलेला होता. तो त्याने एका शिवणकाम करणाऱ्या मुलीला दिला. राज्याने हे चित्र 1907 मध्ये विकत घेतलं, म्हणजे पुस्तक जप्त केल्यानंतर वीस वर्षांनी.

आता स्त्रियांची गोष्ट. ओडा लासन 1860 ची. लासन बहिणींचं घर म्हणजे त्या शहरातल्या कलाजगाचा अर्धा नकाशा. एक बहीण चित्रकार फ्रिट्स ताउलोवची बायको, एक डॅनिश कवी होल्गर द्राकमानची, आणि बोकेन लासनने पुढे 1912 मध्ये 'शा न्वार' ही कॅबरे रंगभूमी सुरू केली. ओडाचं लग्न 1881 मध्ये एका व्यापाऱ्याशी झालं, दोन मुलं झाली, आणि दोनेक वर्षांत ती वेगळी झाली. क्रोगकडे चित्रकला शिकायला गेली आणि दोघं प्रेमात पडली. 1885 मध्ये तिला क्रोगपासून मुलगी झाली. ती मुलगी बेल्जियममध्ये, गुपचूप जन्माला आली. कायद्याने ओडा तेव्हा दुसऱ्याची बायको होती.

ही तारीख माझ्या मनातून जात नाही. येगरची मोकळ्या प्रेमाची कादंबरी आली ते हेच वर्ष. एकीकडे मुक्तीचा जाहीर पुकारा, दुसरीकडे त्याच टेबलावर बसणाऱ्या बाईला आपलं मूल देशाबाहेर लपून जन्माला घालावं लागतं. गर्भनिरोधनाची खात्रीची साधनं नव्हती, घटस्फोट झाला तर मुलांवर हक्क नव्हता, नावाला लागलेला डाग पुरुषाचा पुसला जायचा आणि बाईचा नाही. त्या काळच्या स्त्रीवादी येगरवर संतापल्या त्याचं कारण त्यांचा कर्मठपणा नव्हता. हिशेब कोणाच्या नावावर लिहिला जाणार हे त्यांना दिसत होतं.

1888 च्या सुमारास येगर आणि ओडा यांच्यात प्रेम जडलं, आणि क्रोगला ते माहीत होतं. तिघांनी ते आपल्या तत्त्वांप्रमाणे, उघडपणे जगायचा प्रयत्न केला. त्याच वर्षी ओडाने क्रोगशी लग्न केलं. पुढच्या वर्षी त्यांचा मुलगा पेर जन्मला. येगर यातून सावरला नाही. त्याने तीन पुस्तकांत हे प्रेम दिवसवार, जवळजवळ तासवार लिहून काढलं. पहिलं, 'आजारी प्रेम', 1893 मध्ये निघालं, आणि शेवटचं 1903 मध्ये. लघुलेखकाची सवय इथे भयंकर रूप घेते: ती काय म्हणाली, कोणता पेला कुठे ठेवला, दार किती वाजता लागलं. मला ही पुस्तकं त्याच्या पहिल्या कादंबरीपेक्षा कितीतरी मोठी वाटतात. पण ती वाचताना एक प्रश्न सारखा टोचतो. 'आपलं आयुष्य लिही' म्हणताना त्यात दुसऱ्याचंही आयुष्य लिहिलं जातं, आणि ओडाला कोणी विचारलं नव्हतं.

म्हणून ओडाची चित्रं पाहायला हवीत. पुस्तकांमध्ये ती 'बोहेमची राणी' म्हणून येते, चित्रकार म्हणून क्वचित. 1886 मध्ये क्रिस्तियानियातल्या वार्षिक शरद प्रदर्शनात तिचं पहिलं चित्र लागलं. त्याला 'जपानी कंदील' म्हणतात. उन्हाळ्यातली रात्र, उघडी खिडकी, खाली फ्योर्डचं, म्हणजे समुद्राच्या खाडीचं, निळसर पाणी, खिडकीत बसलेली बाई आणि वर टांगलेला कागदी कंदील, एकटाच उबदार. पेस्टलमध्ये निळ्यावर नारिंगी बसवणं सोपं नसतं. रंगाची भुकटी एकमेकांत मिसळली की दोन्ही मरतात. तिने कंदिलाच्या भोवतीची निळाई अजिबात न घासता सोडली आहे, म्हणून तो पेटलेला दिसतो. नॉर्वेत पुढच्या दहा वर्षांत निळ्या रात्रींची चित्रं ढिगाने आली. ओडाचं चित्र त्यांच्या आधीचं आहे, आणि ते तिचं पदार्पण होतं.

आता मुंक. तो होता का त्यांच्यात? होता, आणि कधीच पूर्ण नव्हता. 1863 चा जन्म, म्हणजे येगरपेक्षा नऊ वर्षांनी लहान. आई 1868 मध्ये क्षयाने गेली, मोठी बहीण सोफी 1877 मध्ये. वडील अत्यंत धार्मिक. 1882 मध्ये त्याने काही तरुण चित्रकारांबरोबर कार्ल योहानजवळच्या 'पुल्टओस्टेन' नावाच्या इमारतीत स्टुडिओ भाड्याने घेतला. त्याच इमारतीत क्रोगचा स्टुडिओ होता आणि तो या मुलांचं काम तपासायचा. तिथून कॅफेतलं टेबल फार लांब नव्हतं. 1885 च्या उन्हाळ्यात त्याचं पहिलं प्रेम जमलं, मिली ताउलोव या विवाहितेवर. ती फ्रिट्स ताउलोवची भावजय, आणि त्याच फ्रिट्सने मुंकला त्या वर्षी परदेशी जायला पैसे दिले होते. इतक्या लहान वर्तुळात ही माणसं राहत होती.

येगरचा पहिला आदेश मुंकने मनावर घेतला. त्याच्या वह्यांमध्ये आठवणी पानोपानी आहेत, मिलीला त्यात 'फ्रू हायबर्ग' असं टोपणनाव आहे. पण खरी गोष्ट घडली कॅनव्हासवर. 1885–86 मध्ये त्याने 'आजारी मूल' रंगवलं: उशीला टेकलेली लाल केसांची मुलगी, शेजारी मान खाली घातलेली बाई. विषय नवा नव्हता. क्रोगने 1881 मध्येच 'आजारी मुलगी' रंगवली होती, आणि ते अतिशय सुंदर चित्र आहे. पांढऱ्यात गुंडाळलेली मुलगी थेट आपल्याकडे पाहते, हातात कोमेजणारं गुलाबाचं फूल. क्रोग जे पाहतो ते आपल्याला दाखवतो. मुंकने वर्षभर त्याच कॅनव्हासवर रंग चढवला, खरवडला, पुन्हा चढवला, ब्रशच्या दांड्याने ओरखडे काढले. जवळ गेलात तर पृष्ठभाग जखमेसारखा दिसतो. आठवण येते, पुसट होते, पुन्हा ओढून आणावी लागते; ती धडपड त्या रंगाच्या थरांत तशीच उरली आहे. आयुष्य लिहायचं म्हणजे घटना सांगायच्या असं येगरला वाटत होतं. आठवण कशी दुखते हेच रंगात उतरवता येतं, हे मुंकला सापडलं. 1886 च्या शरद प्रदर्शनात हे चित्र नुसतं 'अभ्यासचित्र' या नावाने लागलं तेव्हा लोक समोर उभे राहून हसले आणि समीक्षकांनी झोडपलं. क्रोग त्याच्या बाजूने उभा राहिला. मुंकने ते चित्र त्याला देऊन टाकलं, आणि पुढच्या चाळीस वर्षांत तोच विषय आणखी पाच वेळा रंगवला.

1889 मध्ये त्याने येगरचं व्यक्तिचित्र केलं. सोफ्याच्या कोपऱ्यात रेलून बसलेला, अंगात कोट, डोक्यावर टोपी, टेबलावर पेला, सगळीकडे थंड निळा-करडा रंग. नोकरी गेलेली, दोनदा तुरुंग झालेला, प्रेम हातातून गेलेला माणूस. त्यात दया नाही आणि गौरवही नाही. कोट न काढता बसलेला माणूस कुठल्याच घरात राहत नाही, एवढं ते चित्र सांगतं.

तुम्ही मुंकची फक्त मोठी तैलचित्रं पाहिली असतील तर 1895 ची दोन छोटी एचिंग (धातूच्या पत्र्यावरून छापलेली मुद्राचित्रं) शोधा, नाव 'क्रिस्तियानिया बोहेम', पहिलं आणि दुसरं. दुसऱ्यात लांब टेबल आहे. टोकाला ओडा उभी, हात कमरेवर, आणि टेबलाभोवती तिच्या आयुष्यातले पुरुष: पहिला नवरा, क्रोग, येगर, नाटककार गुन्नार हायबर्ग, तरुण याप्पे निल्सन, आणि एका टोकाला स्वतः मुंक. याप्पेचं आणि तिचं 1891 च्या उन्हाळ्यात जमलं होतं, तेव्हा तो एकवीसेक वर्षांचा; मुंकच्या 'विषाद' या चित्रात किनाऱ्यावर हाताला गाल टेकून बसलेला तरुण तोच. मी धातूच्या पत्र्यावर काम करते म्हणून एक गोष्ट सांगते. या चित्रात चेहरे रेषांच्या जाळ्यातून अर्धवट वर येतात, कोणाचाच चेहरा दुसऱ्याकडे वळलेला नाही. इतकी माणसं एका टेबलावर आहेत आणि एकही नजर जुळत नाही. विद्यार्थ्यांना मी हे चित्र दाखवते तेव्हा बोहेमबद्दल वेगळं सांगावं लागत नाही.

पुढचं लवकर सांगते. 1890 नंतर वर्तुळ विस्कटलं. गारबोर्गची सरकारी नोकरी 'मान्फोल्क' या कादंबरीमुळे 1887 मध्येच गेली होती. तो शहर सोडून डोंगराकडे गेला. मुंक 1892 मध्ये बर्लिनला गेला, तिथलं त्याचं प्रदर्शन आठवडाभरात बंद पाडलं गेलं आणि तो एका रात्रीत युरोपभर ओळखीचा झाला. ओडा 1897 मध्ये हायबर्गबरोबर पॅरिसला गेली, काही वर्षांनी परतली. क्रोग 1909 मध्ये राज्याच्या कला अकादमीचा पहिला संचालक झाला आणि मरेपर्यंत, 1925 पर्यंत, त्या पदावर राहिला. येगरने 1906 मध्ये अराज्यवादावर ग्रंथ लिहिला आणि 1910 मध्ये कर्करोगाने, गरिबीतच गेला.

एक गैरसमज दूर करते. नाटककार इब्सेन या मंडळींबरोबर कॅफेत बसून चर्चा करायचा असं अनेक जण समजतात. इब्सेन 1864 ते 1891 परदेशात होता. बोहेमची ऐन वर्षं त्याने इटली आणि जर्मनीत काढली. 'बाहुलीचं घर' आणि 'भुतं' यांनी वाद पेटवला खरा, पण तो माणूस तिथे नव्हता. गोंधळ होतो तो ओस्लोच्या ग्रँड कॅफेतल्या भित्तिचित्रामुळे. ओडा आणि क्रोगचा मुलगा पेर क्रोग याने 1928 मध्ये ते रंगवलं आणि त्यात 1890 च्या दशकातले सगळे गिऱ्हाईक, इब्सेनसकट, एकत्र आणले. आईवडिलांना, त्यांच्या मित्रांना, वडिलांच्या प्रतिस्पर्ध्यांना, सगळ्यांना.

ओस्लोला जाणं झालंच तर राष्ट्रीय संग्रहालयात आधी 'अल्बर्टीन' पाहा, मग 'आजारी मूल', मग येगरचं व्यक्तिचित्र. तिन्ही एकाच इमारतीत आहेत. शेवटी ओडाच्या कंदिलासमोर थांबा. चित्रातली बाई आपल्याकडे पाहत नाही. ती खिडकीतून बाहेर, पाण्याकडे पाहते आहे. आपलं आयुष्य तिने कधी लिहिलं नाही. ती रात्र मात्र तिने आपल्या हाताने, आपल्याला हवी तेवढीच, सांगून ठेवली आहे.